जावईबापू दिसत नाहीत

सकाळच्या मौनात ओरडायची सोय नसते, म्हणून ती ओरडली नाही. चिमटीतले दाणे चिमटीतच राहिले. एका हातानं तिनं फिशटँकचं झाकण उचलून धरलं होतं. आत हवेच्या मोटरीचे बुडबुडे नेहमीसारखे ओळीनं वर येत होते, मासे वर येऊन तोंडं उघडमीट करत होते, आणि त्यांच्यात जावईबापू नव्हते. जावईबापू म्हणजे तो रुबाबदार काळा मासा. दिवसभर कुणाच्या अध्यातमध्यात नसायचा, मागच्या दगडाआड पडून असायचा, पण दाण्यांचा डबा खुळखुळला की सगळ्यांना ढोसून पुढे. हे नाव तिच्या नवऱ्यानंच ठेवलं होतं. सगळ्यांचीच नावं त्याची. कोपऱ्यात गाल फुगवून बसणारी जाडी ती आत्याबाई, एकमेकींना सोडून न राहणाऱ्या दोन चंदेरी त्या जुळ्या, आणि उरलेली नारिंगी बारीक पोरं म्हणजे नुसतीच भाचरं. जावईबापू घरी आले तो दिवस तिला चांगला आठवत होता. नवा मासा आला की थेट टँकमध्ये सोडायचा नाही, असा नवऱ्याचा दंडक. कॉफीच्या रिकाम्या बरणीत शिळं पाणी, त्यात मासा, वरून रुमाल, आणि बरणी मागच्या खोलीत त्याच्या कपाटात, गुंडाळून ठेवलेल्या नकाशांच्या पुढ्यात. "बुजलेला असतो गं तो," तो म्हणायचा. "आल्या आल्या गर्दीत ढकललं तर जीव सोडतो. थोडे दिवस अंधार बरा वाटतो त्याला." स्वतःही तो असाच होता. लग्नानंतर तिच्या माहेरी पहिल्यांदा आला तेव्हा जेवण होईपर्यंत माजघराच्या दाराआडच बसून राहिला होता.

तिनं दाणे सोडले. आता बोलायला हरकत नव्हती. आंघोळ, देवापुढे दिवा, डोळे मिटून बसणं आणि मग मासे, असा तिचा नेम होता. मुक्या जिवाच्या तोंडात घास पडेपर्यंत आपल्या तोंडून शब्द काढायचा नाही. मुलगी पोटात होती तेव्हापासूनचा हा नेम. तेव्हा मासे नव्हते, खिडकीतल्या चिमण्या होत्या. नवरा सुरुवातीला चेष्टा करायचा, "रोज सकाळी थोडा वेळ तरी मी या घरातला सुखी माणूस असतो," म्हणायचा. मग हळूहळू तोही त्या मौनात तिच्या सोबतीला आला. भुवया उचलल्या की चहा ठेवू का, बोटं हलवली की पेपर आलाय, गालावर हात ठेवला की रात्री झोप लागली नाही. अडीनडीला लागतील म्हणून मुलीनंही तेवढ्या खुणा शिकून घेतल्या होत्या. मुलीच्या लग्नाच्या दिवशीसुद्धा तो नेम मोडला नव्हता.

"अहो, जावईबापू दिसत नाहीत."

तो टेबलाशी पेन्सिलींना टोकं काढत बसला होता. पाणीपुरवठा खात्यात सगळा जन्म ड्राफ्ट्समन म्हणून गेला. आता काढायला नकाशे नव्हते, पण पेन्सिली टोकदार हव्यात. "कोण?"

"जावईबापू हो. काळा."

तो उठला, चष्मा कपाळावर सरकवून टँकपुढे वाकला. "काळा मासा आपल्याकडे कधी होता?"

"सकाळी सकाळी चेष्टा नको हं."

"चेष्टा कशाला करू? होते तेवढे सगळे आहेत की." आणि त्यानं काचेवर नखानं टिचकी मारली. भाचरं चमकून तळाशी गेली. काचेवर टिचकी मारायची नाही हाही दंडक त्याचाच, त्यावरून पाहुण्यांच्या मुलांना तो रागवायचा. हे तिच्या मनात आलं, पण थांबलं नाही, आलं तसं पुढे गेलं. ती त्याच्या तोंडाकडे बघत होती. चेष्टा करताना त्याच्या ओठाची डावी कड वर जायची. आज ती जागची हलली नव्हती.

मासा काही हवेत विरत नाही. तो पेन्सिलींकडे परत गेल्यावर तिनं टँकच्या स्टँडमागे चाचपलं, पालथी पडून खाली बघितलं, फिल्टर उघडला, त्यातला शेवाळी चिकट स्पंज पिळून पाहिला. झाकण घट्ट होतं. दगडाआड जावईबापूंची जागा तेवढी होती. तिथली वाळू बसून बसून खोलगट झाली होती. का ती नेहमीच तशी होती? ती गुडघ्यांवर बसून त्या खोलगट जागेकडे बघत राहिली, आणि तिच्या मानेवरून काहीतरी गार, बारीक पायांचं चालत गेल्यासारखं झालं. कारण नवऱ्यानं आता जे वाक्य म्हटलं होतं ते तिच्या ओळखीचं होतं. ते तिचंच होतं.

तिच्या आईचं एका वाटीवरून सुरू झालं. निळ्या काठाची वाटी. आई म्हणजे केवढी हुशार बाई, साऱ्या आळीची बाळंतपणं तिच्या तोंडी हिशेबावर पार पडायची, आणि एका दुपारी तिनं स्वयंपाकघरातली सगळी भांडी जमिनीवर काढली. निळ्या काठाची वाटी कुठे गेली? आधी ती रुसली, मग वहिनीवर संशय घेतला, मग लेकीला फोन लावला. एकदा, दोनदा, रोज. आणि लेकीनं, म्हणजे तिनं, कामाच्या गडबडीत रिसीव्हर खांद्याशी धरून, लहान मुलाला समजवावं तशा गोड, सावकाश आवाजात सांगितलं होतं, "आई, तशी वाटी आपल्याकडे कधी नव्हतीच." पलीकडे आई गप्प झाली होती. ते गप्प होणं कसं होतं हे तिला आता इतक्या वर्षांनी कळलं. तिथं वाटी तर नव्हतीच, पायाखालची जमीनही नव्हती. पुढे आईला घरात जळका वास येऊ लागला, कुणालाच न येणारा. त्याच्याही पुढे ती लेकीचा हात थोपटून म्हणाली, "बाई, तुमच्या घरी वाट बघत असतील. जा आता."

"काय गं, नवऱ्याशी भांडून आलीस की काय?" मैनानं विचारलं. रुग्णालयाच्या औषधांच्या खिडकीवर त्या दोघी शेजारी शेजारी बसायच्या. शेजारणीचं खरं नाव सगळेच विसरले होते, तोंडाला खंड नाही म्हणून मैना.

"नाही गं."

"मग गोळ्यांवर का राग? इतक्या वेळा उलट्यासुलट्या केल्यास तर त्यांनाच घेरी यायची."

ती हसली, आणि पाकीट पुन्हा उघडलं. खिडकीपुढची रांग वाढत होती. एक म्हातारा काठी आपटत म्हणाला, "बाई, गोळ्या देताय की मोती पारखताय?" ती तरीही चिठ्ठी वाचत होती, खोका वाचत होती, पुन्हा चिठ्ठी. हृदयाच्या गोळ्यांचा खोका आणि झोपेच्या गोळ्यांचा खोका एकाच फळीवर, एकाच रंगाचे. आजवर तिचा हात डोळ्यांशिवायही चुकला नव्हता. पण जो मासा कधी नव्हताच तो जर तिच्या डोक्यात वर्षानुवर्षं पोहू शकतो, दगडाआड झोपू शकतो, भुकेला वर येऊ शकतो, तर या खोक्यावर जे लिहिलंय ते खरोखर लिहिलेलं आहे कशावरून? म्हाताऱ्याच्या हातात पाकीट देताना तिची बोटं सुटेनात. म्हाताऱ्यानं ओढून घेतलं. संध्याकाळपर्यंत तिला वाटत राहिलं, कुठल्याशा घरात, कुणाच्याशा घशाखाली तिच्या हातची चूक पाण्याच्या घोटाबरोबर उतरते आहे.

मग जुळ्यांपैकी एक गेली. उरलेली दिवसभर काचेला तोंड लावून तरंगत होती. काचेतल्या आपल्याच छबीला ती बहीण समजत असावी. या वेळी तिनं नवऱ्याला सांगितलं नाही. झाकणावर वजन म्हणून जाड पुस्तक ठेवलं, आणि कामावरून आल्यावर बघितलं तर पुस्तक जागच्या जागी होतं. मासे मात्र पुन्हा कमी वाटले, का वाटले नाहीत, भाचरं कुठे नीट मोजू देतात. तिनं टँकपुढची खुर्ची हलवली, कारण तिथं बसलं की काचेत आपला चेहरा दिसायचा, आणि त्या चेहऱ्यातून मासे आरपार जायचे. घरात वास येऊ लागला होता. कुबट, हिरवट, साचलेल्या पाण्याचा. मागच्या खोलीच्या दाराशी जास्त.

"अहो, कसला वास येतोय का तुम्हाला?"

"कसला?" त्यानं नाक वर करून हुंगलं. "मला तर काही नाही येत."

जळका नव्हता, एवढंच. आईला जळका यायचा, आपल्याला साचल्या पाण्याचा येतो. ज्याचं त्याचं नाक. तिनं खिडक्या उघडल्या, फरशी पुसली, मागच्या खोलीच्या दारापर्यंत पुसली आणि तिथून परत फिरली. आपल्याला येणाऱ्या वासाच्या मागे मागे जायचं नसतं. आई गेली होती. जिन्यानं खाली, रस्त्यावर, थेट परक्यांच्या स्वयंपाकघरापर्यंत.

आत्याबाई गेली त्या सकाळी ती फक्त एवढंच म्हणाली, अगदी सहज, "आज आत्याबाईंनी काही खाल्लं नाही."

"तुझी आत्या येऊन राहिलीय की काय आता?" तो दचकून म्हणाला. "देवा! आधी सांगायचंस तरी. मी दाढीसुद्धा केली नाही." आणि हसला. तीही हसली. हसता हसता तिचे दात एकमेकांवर वाजले. घरात आत्याबाईसुद्धा कधी नव्हती तर.

मुलीचा फोन आला. परगावची नोकरी, नवं बिऱ्हाड, नव्या पडद्यांचा रंग, ती ऐकत राहिली. एकच प्रश्न विचारायचा होता. आपल्याकडे काळा मासा होता का गं? मुलगी मागच्या सुट्टीत येऊन त्याच टँकपुढे लोळत पडली होती, तिला ठाऊक असणारच. "आई, ऐकतेयस ना? काही सांगायचंय का?" मुलीनं विचारलं. प्रश्न ओठांपर्यंत आला, आणि त्यामागोमाग त्याचं उत्तरही ऐकू आलं. शब्द नव्हे, सूर. तो गोड, सावकाश, रिसीव्हर खांद्याशी धरलेला सूर. आपल्या पोटच्या पोरीच्या तोंडून तो ऐकण्यापेक्षा माहीत नसलेलं परवडलं. "काही नाही गं," ती म्हणाली, "पडद्यांना अस्तर लाव, ऊन फार येत असेल तर."

नेमात मागायचं नसतं. इतकी वर्षं ती देवापुढे नुसती बसत आली होती, शेजारणीकडे बसावं तशी, काम काढून नव्हे. आता ती रोज मागू लागली. मिटल्या डोळ्यांआड ती पदर पसरून, नाक घासून, लाजलज्जा सोडून मागायची. हातपाय ने, डोळे ने, पण हे नको. मला आईसारखं करू नकोस. मला नको. मला यातून सोडव. आणि डोळे उघडायच्या आधीच तिचा कान टँकमधल्या पाण्याच्या गुडगुडीकडे लागायचा, की आज कोण?

शेवटी ती डॉक्टरकडे गेली. नवऱ्याला सांगितलं, मैनाकडे जातेय. डॉक्टर तिच्या मुलीच्या वयाची होती, मनगटावर केसांचं रबर, टेबलावर अर्धा खाल्लेला बिस्किटाचा पुडा. तिनं कागदावर घड्याळ काढायला लावलं, उलटे आकडे म्हणायला लावले, दोरी, चमचा, खिडकी एवढे शब्द लक्षात ठेवायला सांगून भलत्याच गप्पा काढल्या. ती गप्पांना उत्तरं देत होती आणि आत घट्ट मूठ आवळून दोरी, चमचा, खिडकी धरून बसली होती, पुरात झाडाला धरावं तशी. विचारल्याबरोबर तिनं ते एका दमात सांगितले, आणि भिंतीवरच्या तक्त्यातलं सगळंही सांगितलं, कुणी न विचारता. रक्त तपासलं, डोक्याची चित्रं काढली. डॉक्टर ती चित्रं उजेडात धरून म्हणाली, "काकू, तुमची स्मरणशक्ती माझ्यापेक्षा बरी आहे. मी आज चष्मा फ्रिजमध्ये ठेवून आलेय. तुम्हाला काही झालेलं नाही."

"पण ते मासे?"

"मासे होते तर होते. घरी आणखी कोण असतं?"

"मी आणि हे."

"मग त्यांना विचारा ना."

"त्यांना काय," ती मोकळेपणी हसली, कितीतरी दिवसांनी, "त्यांना सगळं आठवतं. या गावाखालचा एकेक नळ कुठे वळतो ते झोपेतसुद्धा सांगतील."

बाहेर ऊन होतं. तिनं संत्री घेतली, चांगली वासाची, चांगली जड. फळवाल्याशी दोन शब्द जास्तच बोलली. देवानं ऐकलं होतं. पिशवी हलवत ती कोपऱ्यापर्यंत आली, रस्ता ओलांडायला थांबली, आणि गाड्या निघून गेल्या तरी थांबलेलीच राहिली. मासे होते तर होते. जावईबापू होते. आत्याबाई होती. मग ज्यानं त्यांची नावं ठेवली तो... दाण्यांचा डबा खुळखुळावा तसं झालं, आणि तळाशी दडलेलं एकेक वर येऊ लागलं. कोण, असं त्यानं विचारलं होतं. काचेवर टिचकी मारली होती. आत्या येणार म्हणून दचकला होता, आणि त्या दचकण्यात चेष्टा नव्हती, ओठाची कड हलली नव्हती. वास त्याला येत नव्हता. आजवरची भीती तिच्या अंगातली होती, अंगातल्या कपड्यांसारखी, तिच्यासकट ती उठत बसत होती. ही भीती तिच्या बाहेर होती. ती घरी होती, आणि आता तिच्यासाठी दार उघडणार होती.

दार त्यानं पहिल्याच बेलला उघडलं. "आलीस? काय आणलंस?" त्यानं संत्रं सोललं, एकेक शीर काढून फोडी तिच्या बशीत ठेवल्या, लग्नापासून ठेवतोय तशा. मोठ्या टाकीचा व्हॉल्व्ह गंजला आणि साहेब उभ्या कपड्यांनिशी न्हाले, ती गोष्ट सांगितली. नळांचे व्यास, वळणं, साहेबांच्या कोटाचा रंग, कशात चूक नव्हती. ती त्याच्या तोंडाकडे बघत होती. दोरी, चमचा, खिडकी. एवढंच म्हणायचं होतं. म्हणायचं आणि थोड्या वेळानं विचारायचं. तिनं फोड तोंडात घातली आणि म्हणाली, "गोड आहेत ना?" त्याला काही विचारायची तिची छाती झाली नाही.

सकाळी दिव्यापुढे ती डोळे मिटून बसली आणि तिला मागायला काही सुचेना. मागितलं होतं ते मिळालं होतं, अगदी शब्दाला शब्द. मला नको, मला सोडव. इतके दिवस नाक घासून ती मागत होती ते घरात आपण एकटीच राहत असल्यासारखं. तिनं घाईनं दुसरे शब्द शोधले, पण ते जुळायच्या आत बाहेरच्या खोलीत पाणी वाजलं. मोटरीचं नव्हे. कुणीतरी ओंजळ बुडवावी तसं.

तो टँकपुढे उभा होता. बाह्या दुमडलेल्या, एका हातात जाळी, दुसऱ्या हातात कॉफीची बरणी. उरलेली जुळी त्यानं किती हळुवार उचलली. पाण्याला कळलंसुद्धा नाही. बरणीवर रुमाल टाकून, थेंब सांडू न देता तो मागच्या खोलीकडे निघाला. ती त्याच्या मागोमाग गेली. त्यानं कपाट उघडलं आणि तो वास तिच्या तोंडावर आला. खरा, सगळ्यांना येणारा. नकाशांच्या गुंडाळ्यांपुढे रुमाल घातलेल्या बरण्या शिस्तीत मांडल्या होत्या. त्यानं एकेक रुमाल उचलला. एका बरणीत पाणी दाट, दुधाळ झालं होतं आणि त्यात काळं काहीतरी आडवं तरंगत होतं. त्यावर त्यानं रुमाल परत घातला, झोपलेल्यावर पांघरूण घालावं तसा. दुसऱ्या बरणीत, तळाशी, कल्ले संथ हलवत, गाल फुगवून आत्याबाई बसली होती. जिवंत.

"नवीन आहेत," तो हलक्या आवाजात म्हणाला. "बुजलेत फार. थोडे दिवस अंधारात राहू देत, मग सोडू त्यांच्यात." मग बरणी उजेडाकडे धरून तो वाकला, आणि त्याच्या ओठाची डावी कड वर गेली. "ही बघ, कशी तोंड फुगवून बसलीय. आत्याबाई म्हणू या हिला?"

त्याच नावावर, तेच हसू. क्षणभर तिला वाटलं, काही गेलेलं नाही, सगळं असं पुन्हा पहिल्यापासून येत राहील आणि आपण ते घेत राहू. तिनं भुवया उचलल्या. त्या दोघांच्या भाषेत, चहा ठेवू का? तो तिच्याकडे बघत राहिला. मग त्याचा चेहरा हळूहळू उतरला, तिच्या माहेरच्या दाराआड उतरला होता तसा.

"अशी गप्प का?" त्यानं विचारलं. "बोलत का नाहीस? माझं काही चुकलं का?"

बाहेरच्या खोलीत, त्यानं उघडं टाकलेल्या झाकणाखाली, भाचरं वर येऊन तोंडं उघडमीट करत असतील. त्यांच्या तोंडात अजून दाणा पडला नव्हता. तिनं पुढे होऊन बरणी त्याच्या ओल्या हातांतून आपल्या हातांत घेतली. मुलगी पोटात होती तेव्हापासून त्या वेळी या घरात तिचा आवाज कुणी ऐकला नव्हता; तिला स्वतःलाच तो परका लागला.

"नाही हो," ती म्हणाली, "तुमचं काही चुकलं नाही. बुजलेत ना ते, म्हणून मी बोलले नाही. छान आहे नाव. आत्याबाईच म्हणू या."